लहान होडीला लाटांचे दणके कमी कसे करता येतील?

केळशीची_लेक

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ दापोलीजवळच्या मुरूडला पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला आणि सुवर्णदुर्गाला फेरी मारून आणायला नेतो. होडी फायबरची आहे, साधारण वीस फुटी. तळ जवळजवळ सपाट, मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं चाळीस अश्वशक्तीचं यंत्र (आउटबोर्ड). आडव्या फळ्या टाकून चार बाकं केली आहेत, त्यावर पातळ स्पंजच्या गाद्या.

सकाळच्या फेऱ्यांना काही त्रास नाही. पण अकरा-बाराच्या पुढे वायव्येचा वारा सुटला की हर्णैच्या बाजूला जाताना होडी लाटेवरून सुटते आणि दाणकन आदळते. गेल्या मोसमात सगळ्यात पुढच्या बाकावर बसलेल्या एका मावशींच्या कमरेत असा हिसका बसला की उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. भावाला ते फार लागलं. तेव्हापासून तो वारा वाढला की फेरीच बंद ठेवतो आणि मोसमाचं निम्मं उत्पन्न जातं.

तीन गोष्टी मनात आहेत. जाड गाद्या घालायच्या, होडीला मागे ट्रिम टॅब (वरखाली होणारे दोन पत्रे) बसवायचे, किंवा कर्ज काढून खोल व्ही तळाची, म्हणजे इंग्रजी व्हीसारख्या धारदार तळाची होडी घ्यायची. ज्यांनी लहान होडी चालवली आहे किंवा ज्यांना यातलं शास्त्र कळतं, त्यांनी कृपया सांगा. पैसे एकदाच घालता येणार आहेत.

---

जुना_तांडेल

ताई, कर्ज काढायच्या आधी दोन गोष्टी विचारतो. वाऱ्याच्या तोंडावर जाताना भाऊ रेस किती ठेवतो? आणि माणसं कुठे बसवतो?

पुढचं बाक आधी रिकामं करा. होडी मागच्या भागावर टेकून नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, उचलली जाते आणि तिथूनच आपटते, त्यामुळे नाळेजवळ बसलेल्याला सगळ्यात मोठा हिसका आणि मागच्या एक तृतीयांश भागात बसलेल्याला सगळ्यात लहान. पर्यटकाला फोटोसाठी पुढे बसायचं असतं. वारा असेल तेव्हा त्याला सरळ नाही म्हणायचं. याला एक पैसा लागत नाही.

दुसरं, हात सतत रेसवर हवा. लाटेवर चढताना रेस द्यायची, माथा यायच्या जरा आधी सोडायची, म्हणजे होडी माथ्यावरून उडत नाही, पलीकडे घसरत उतरते. खड्ड्यात गेल्यावर पुन्हा रेस. एकच रेस लावून सरळ रेषेत जाणारा नवशिका ओळखू येतो, त्याच्या होडीचा आवाज किनाऱ्यावर ऐकू येतो.

तिसरं, लाट अंगावर सरळ घ्यायची नाही. नाळेच्या एका कोपऱ्यावर घ्यायची. थोडं समुद्राकडे, मग थोडं किनाऱ्याकडे, असं तिरकं तिरकं जायचं.

---

सागर_अभियंता

तांडेल काकांनी जे हाताने शिकलं, त्यामागचा हिशोब मांडतो. आकडे बघितले की भावाला पटवणं सोपं जाईल.

दुपारच्या स्थानिक वाऱ्याने उठणारी लाट आखूड असते. दोन माथ्यांमधलं अंतर वेळेत चार सेकंद धरा. खोल पाण्यात अशा लाटेची लांबी सुमारे २५ मीटर आणि तिचा स्वतःचा वेग सेकंदाला ६.२ मीटर, म्हणजे साधारण १२ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). होडी १५ नॉटने तिच्यावर सरळ गेली, तर दर १.८ सेकंदाला एक लाट भेटते. मागच्या आपटण्यातून होडी सावरायच्या आत पुढची लाट हजर. रेस कमी करून ८ नॉटवर या, हाच अवधी २.४ सेकंद होतो. १५ नॉटच ठेवून ४५ अंशात तिरके गेलात, तर २.१ सेकंदांच्या आसपास. तिरकं जाण्यात अंतर वाढतं हे खरं. ४५ अंशात गेल्यास वाट सुमारे चाळीस टक्क्यांनी लांबते, ३० अंशात फक्त पंधरा टक्क्यांनी. म्हणून मी ३० अंशांपासून सुरुवात करायला सांगेन.

हे झालं दणके किती भराभर बसतात त्याचं. दणक्याचा जोर वेगळा. होडी पाण्याबाहेर सुटून अर्धा मीटर खाली पडली, तर ती सेकंदाला ३ मीटरपेक्षा जास्त वेगाने पाण्याला भेटते. आणि आदळण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट म्हणजे दाब चौपट. माथ्याआधी रेस सोडल्याने होडी उडतच नाही किंवा कमी उंचीवरून पडते, म्हणून त्या एका सवयीचा फायदा एवढा मोठा दिसतो.

आता तळाचा आकार. पाण्यात शिरणाऱ्या व्ही आकारावर किती दाब येतो याचं गणित समुद्रविमानांसाठी केलं गेलं. ती विमानं पाण्यावर उतरताना त्यांच्या तरंड्यांना हाच मार बसायचा. फॉन कारमान यांनी १९२९ मध्ये आणि हर्बर्ट वाग्नर यांनी १९३२ मध्ये ते मांडलं. वाग्नर यांच्या सूत्रात तळाचा कोन, म्हणजे मधल्या धारेपासून कडेकडे तळ किती चढतो तो कोन, १० अंशांवरून २० अंशांवर नेला, तर तळावरचा कमाल दाब साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. हा दाब एका अरुंद पट्ट्यावर क्षणभरच येतो, त्यामुळे बसलेल्या माणसाच्या कमरेचा हिसका त्याच प्रमाणात कमी होतो असं समजू नका. पण सपाट तळ इतका का झोडपतो ते यातून कळतं. तळ सपाट असला की सगळं पाणी एकाच क्षणी भेटतं.

---

व्ही_हल_प्रेमी

मग उत्तर तर मिळालंच की. खोल व्ही घ्या. अमेरिकेत सी. रेमंड हंट यांनी नाळेपासून मागच्या फळीपर्यंत तोच खोल कोन ठेवलेला तळ आखला आणि १९६० साली डिक बर्ट्रम यांनी तशाच तळाच्या ‘मॉपी’ नावाच्या बोटीने मायामी ते नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली. त्यानंतर जगभरच्या वेगवान बोटींनी तो तळ उचलला. मागे २० ते २४ अंश कोन असलेली होडी एकदा चालवून बघा, पुन्हा सपाट तळाकडे जाणार नाही.

---

जुना_तांडेल

बोट चांगली असेल, वाद नाही. पण मुरूडला धक्का कुठे आहे? तिथे होडी वाळूवर लावायची असते. सपाट तळाची होडी गुडघाभर पाण्यात सरळ उभी राहते, माणसं चढतात-उतरतात. खोल व्ही वाळूला टेकला की एका कुशीवर कलंडतो. ओहोटीला ती ढकलायला किती माणसं लागतील? शिवाय अंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, तिथे पाणी उथळ असतं.

दुसरं म्हणजे डॉल्फिन बघताना होडी थांबवावी लागते. थांबलेला खोल व्ही बाजूच्या लाटेत फार डुलतो. दहा माणसं डॉल्फिन दिसला म्हणून एका बाजूला झाली, तर काय होईल विचार करा. आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांचा तळ वाळू आणि खाडी बघून ठरला आहे.

---

सागर_अभियंता

काकांचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे आणि त्यात एक भर घालतो. खोल व्हीला पाण्यावर उचलायला जास्त ताकद लागते. तेवढ्याच माणसांना चाळीस अश्वशक्तीचं यंत्र कमी पडेल, म्हणजे होडीबरोबर यंत्रही बदला आणि रोजचं पेट्रोलही वाढवा.

मधला मार्ग असतो. नाळेकडे धारदार व्ही आणि मागे येता येता तो १२ ते १५ अंशांपर्यंत पसरत गेलेला तळ. पुढची धार लाट कापते, मागचा पसरट भाग थांबल्यावर आधार देतो. पुढे कधी होडी बदललीच, तर हा आकार बघा. पण मागच्या फळीपाशी उभं राहून नुसता व्ही बघू नका. प्रत्यक्षात लाटेवर जो भाग आदळतो तो नाळेपासून साधारण एक तृतीयांश लांबीवर असतो. तिथे तळ किती उभा आहे ते बघा.

---

देवबागकार

आमच्या तारकर्ली-देवबागच्या बाजूक जुने लोक सांगायचे, होडी म्हणजे मोटार न्हय, लाट येताना बघून हात हलको करूक व्हयो. तांडेल काकांनी तांच सांगितल्यानी.

कोकणातल्या उलांडीच्या होडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ती होडी अरुंद आणि लांब. बाजूला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांना बांधलेला ओंडका, असते ती कलंडू नये म्हणून. अरुंद अंगामुळे ती लाटेवर आपटत नाही, लाटेत शिरते. वेग कमी, माणसं कमी, पण अंग दुखत नाही. दोन अरुंद होड्या शेजारी जोडल्यासारख्या कॅटामरानमध्ये हेच तत्त्व आहे. मात्र तिच्या त्या दोन भागांना जोडणाऱ्या मधल्या फळीला खालून लाट लागली तर तो दणका वेगळाच असतो, म्हणून माणसं जास्त भरून ती फळी पाण्याजवळ आणू नये.

---

अस्थिवैद्य_रत्नागिरी

मी हाडांचा डॉक्टर आहे. त्या मावशींचं पुढे काय झालं ते कळलं का? क्ष-किरण काढला होता का?

हे गंभीरपणे घ्यावं अशी विनंती. बसलेल्या माणसाला खालून उभा दणका बसतो तेव्हा छातीचा पाठकणा जिथे संपतो आणि कमरेचा सुरू होतो, त्या जोडावरचा मणका चेपतो. बाराव्या वक्षीय आणि पहिल्या कटी मणक्याच्या आसपास अशा इजा सर्वात जास्त दिसतात. पुढे वाकून बसलं असेल तर मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा भार येतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात, त्यांना याहून कितीतरी लहान हिसका पुरतो. पुष्कळदा लोक ‘चमक भरली’ म्हणून बाम लावून घरी बसतात.

होडी चालवणाऱ्यांनी चढण्याआधी विचारावं: पाठीचं ऑपरेशन झालंय का, हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलंय का, गरोदर आहात का. उत्तर हो असेल, तर वारा असताना त्यांना नेऊ नये, अगदी शांत समुद्रातच न्यावं आणि मागे बसवावं.

दणका बसल्यावर पाठीत जोराची कळ आली, तर त्या माणसाला उठवून चालवत नेऊ नका. आडवं ठेवा, होडी सावकाश आणा. पायात बधिरपणा, पायातली शक्ती जाणं, लघवी न होणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेलं पाहिजे.

आणि पाय लांब सोडून बसणंही वाईट. पावलं फळीवर टेकलेली, गुडघे वाकलेले, हाताने समोर काहीतरी घट्ट धरलेलं असं बसलं, तर दणक्याचा काही भार पाय आणि हात उचलतात. कुंपणावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतोच ना, तसंच. बाकांची उंची एवढी हवी की बसलेल्या माणसाचे पाय लोंबकळणार नाहीत.

---

केळशीची_लेक

डॉक्टर, त्या मावशींचा आम्ही फोन करून पाठपुरावा केला होता. हाड मोडलं नव्हतं, स्नायू धरला होता, महिनाभराने बऱ्या झाल्या. पण तुम्ही लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. ते तीन प्रश्न भावाने वहीत लिहून घेतलेत.

तांडेल काका, रेसबद्दल विचारलंत. तो म्हणतो, उशीर झालेला असतो, पुढची मंडळी किनाऱ्यावर ताटकळत असतात, म्हणून रेस कमी करत नाही. आता त्याने दोन फेऱ्यांमधला वेळ वाढवायचं ठरवलं आहे.

गाद्यांबद्दल कोणी सांगेल का? स्पंज जाड केला तर?

---

उत्तरसमुद्र

मी स्कॉटलंडला बंदरात कामाला आहे. रोज लहान वेगवान बोटींमधून ये-जा असते, म्हणून गाद्या आणि आसनांबद्दल लिहितो.

मऊ स्पंज वाढवून दणका कमी होत नाही. उलट लहान थरथर कमी वाटते म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि मोठ्या दणक्याला स्पंज पूर्ण चेपून अंग खालच्या फळीवर आपटतं. आधी स्पंजातून खाली जाताना आलेला वेगही त्यात मिळतो. त्यापेक्षा बंद पेशींचा घट्ट फोम, खाली कडक आणि वर थोडा मऊ असा दोन थरांत घ्यावा. तो पाणीही पीत नाही. तरी एवढ्या पातळ थरात मोठा दणका मावत नाही, हे लक्षात असू द्या. दणका पसरवायला अंतर लागतं. म्हणूनच स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरवर कित्येक सेंटीमीटर वरखाली होणारी आसनं बनवतात. बचाव पथकांच्या आणि सैन्याच्या बोटींवर ती असतात, घोड्यावर बसल्यासारखं दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची. ती महाग असतात आणि दहा पर्यटकांच्या होडीत बसवणं मला व्यवहार्य वाटत नाही. पण चालवणाऱ्यासाठी एक घेतलं तर विचार करण्यासारखं आहे, कारण पर्यटक एकदा दणके खातो, तुमचा भाऊ मोसमभर खातो.

युरोपात कामगारांना बसणाऱ्या या धक्क्यांवर कायदा आहे. २००२ च्या युरोपीय निर्देशानुसार आठ तासांच्या हिशोबाने सर्वांगाला होणाऱ्या कंपनाचं प्रमाण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ ही ओलांडायची नाही अशी मर्यादा. ब्रिटनने जहाजं आणि मासेमारी बोटींसाठी २००७ साली याचे नियम केले. खवळलेल्या पाण्यात लहान वेगवान बोट ही मर्यादा फार लवकर गाठते. इथे पर्यटकांना फिरवणाऱ्या रबरी कडेच्या बोटींवर पुढे बसलेल्या प्रवाशांच्या मणक्यांना इजा झाल्या आणि त्यांच्या अधिकृत चौकशा झाल्या. माणसं पुढे बसवू नका, वेग कमी ठेवा, चढण्याआधी पाठीबद्दल विचारा, हेच इथेही सांगितलं जातं. म्हणजे तांडेल काका आणि डॉक्टरांनी वर लिहिलेलंच.

---

व्ही_हल_प्रेमी

पटलं. वाळूवर होडी लावायची असेल तर माझा आग्रह मागे घेतो. पण ट्रिम टॅबचं काय? ते तरी घ्यावेत असं मला अजून वाटतं. आणि जायरो स्टॅबिलायझर?

---

सागर_अभियंता

जायरो आधी बाजूला काढतो. तो होडीचं बाजूबाजूला डुलणं कमी करतो. नाळ आदळण्यावर त्याचा उपयोग नाही. वजन, वीज आणि किंमत बघता वीस फुटी होडीत त्याला जागा नाही.

ट्रिम टॅब म्हणजे मागच्या फळीच्या खालच्या कडेला बसवलेले दोन पत्रे. ते खाली केले की होडीचा मागचा भाग उचलला जातो आणि नाळ खाली बसते. समोरून लाट असताना नाळ खाली असली की तळाचा सर्वात धारदार भाग लाटेला आधी भेटतो. नाळ वर राहिली की मधला सपाट भाग भेटतो आणि दणका बसतो. म्हणजे तत्त्व बरोबर आहे. पण भावाच्या होडीला पुढे धार कितीशी आहे? आणि हेच काम फुकट करायची सोय त्याच्या यंत्रात आधीच आहे.

आउटबोर्ड ज्या कंसाने फळीला अडकवलेलं असतं त्यात एका रांगेत भोकं असतात आणि एक पिन असते. पिन फळीच्या सर्वात जवळच्या भोकात घातली की यंत्राचा पाय आत येतो आणि नाळ खाली दबते. लांबच्या भोकात घातली की नाळ उचलते. बटणाने वरखाली होणारं यंत्र असेल तर हे चालू होडीत करता येतं, नसेल तर निघण्याआधी करायचं. आणि पिनला हात लावताना यंत्र बंद हवं.

---

जुना_तांडेल

यात एक धोका आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. जाताना लाट समोरून, येताना तीच लाट मागून. नाळ दाबून ठेवलेली होडी मागच्या लाटेवरून खाली घसरली की नाळ पुढच्या लाटेत रुतते, मागचा भाग फिरतो आणि होडी आडवी होते. आडव्या होडीवर पुढची लाट आली की उलटलीच. म्हणून मागून लाट असताना पिन एक भोक बाहेर, माणसं आणखी मागे आणि वेग असा की आपण लाटेच्या पाठीवर राहू, तिच्या माथ्यापुढे जाणार नाही. दणके नसतात म्हणून येताना लोक निर्धास्त होतात. मला तर येतानाचीच भीती जास्त वाटते.

खाडीच्या तोंडाशी तर फारच. ओहोटीचं पाणी बाहेर येत असतं, वारा आत ढकलत असतो, दोघांच्या भांडणात लाट उभी राहते आणि वाळूच्या बांधावर फुटते. उधाणाच्या ओहोटीला तिथे जायचंच नाही. भरतीचं पाणी आत जात असताना किंवा पाणी थांबलेलं असताना जायचं.

---

हवामान_वेडी

केळशीची_लेक ताई, तुमच्या भावाचा वारा बघायचा प्रश्न वेळेनेच अर्धा सुटतो. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत कोकणात रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, जमीन तापली की दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि तो आपल्याकडे बहुधा वायव्येकडून येतो. सूर्योदयापासून दहापर्यंत जितक्या फेऱ्या बसतील तितक्या बसवा, दुपारच्या फेऱ्या किनाऱ्यालगत आखूड करा.

याशिवाय कधीकधी इथे वारा नसतानाही समुद्र उचललेला असतो. हिवाळ्यात अरबस्तानच्या बाजूला शमाल वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या लाटांचा अभ्यास केला आहे. म्हणून नुसती झाडाची पानं बघून समुद्राचा अंदाज करू नये.

हैदराबादच्या इन्कॉईस या केंद्र सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज मिळतो. लहान होड्यांसाठी त्यांनी २०२० मध्ये खास इशारासेवा सुरू केली. सात मीटरपर्यंत रुंदीच्या होड्यांसाठी, दहा दिवस आधीपर्यंत. तिच्यात लाटेची उंची तर आहेच, शिवाय लाट किती उभी आहे, लाटा किती वेगवेगळ्या दिशांनी येत आहेत आणि वारा किती झपाट्याने वाढतोय हेही धरतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एक मीटरची लांब लाट होडीला नुसती वरखाली करते, एक मीटरची आखूड उभी लाट कंबर मोडते. अंदाजात उंचीच्या शेजारी लाटेचा अवधी सेकंदांत दिलेला असतो, तोही बघायची सवय लावा.

---

केळशीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने हा धागा बसून वाचला. त्याने एक विचारलंय. होडीत माणसं कमी असली की दणके जास्त बसतात, भरलेली असली की कमी. मग कमी माणसं असताना वाळूची पोती टाकली तर?

---

सागर_अभियंता

त्याचं निरीक्षण अचूक आहे. तोच दणका जड होडीला कमी उडवतो. पण सुटी पोती नकोत. होडी कलली की ती सरकतात आणि कललेल्या बाजूलाच जाऊन बसतात. ओली वाळू तर फारच जड. पेट्रोलची टाकी, नांगर, पाण्याचे कॅन हे जे वजन तसंही न्यायचं आहे तेच मधोमध, तळाशी, नाळेपासून लांब आणि घट्ट बांधून ठेवावं. पुष्कळ होड्यांत नांगर आणि दोर नाळेत टाकलेले असतात. ते मध्ये आणले तरी नाळ हलकी होते आणि लाटेवर लवकर उचलली जाते. आणि जड होडी कमी आपटते म्हणून परवान्यापेक्षा जास्त माणसं घेणं हा तर विषयच नाही. तेव्हा पाण्यावर राहिलेली कड कमी होते आणि बाजूची एक लाट आत आली तर पुरते.

---

देवबागकार

आणखी एक, डॉल्फिनच्या मागे होडी पळवू नका. तिथेच सगळ्यात जास्त आपटाआपटी होते, कारण चालवणारा लाट सोडून डॉल्फिन बघत असतो. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला त्रास देणं गुन्हा आहे. रेस बंद करून थांबलं की पुष्कळदा तो आपणहून जवळ येतो. आमच्याकडे जे थांबतात त्यांची गिऱ्हाइकं खूश होऊन जातात.

चालवणाऱ्याने यंत्र बंद पाडणारी दोरी मनगटाला बांधलेली हवी. दणक्यात तोच बाहेर फेकला गेला, तर होडी माणसांसकट पळत सुटते.

---

जुना_तांडेल

होडी बदलायची नाही असं ठरलं असेल, तर आहे तिचा तळ एकदा नीट बघून घ्या. इतके दणके खाल्लेली फायबरची होडी वरून चांगली दिसते. ती वाळूवर उलटी करा. बाहेरच्या रंगाच्या थरावर केसासारख्या बारीक भेगा एका ठिकाणी जमलेल्या दिसल्या, तर तिथे आतला फायबर वाकतोय. लाकडी हातोडीने तळ हळू ठोकत जा. जिथे टणक आवाज जाऊन बद्द आवाज येईल तिथे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड पाणी प्यालंय. मागची फळी, जिथे यंत्र अडकवलंय, तिथले बोल्ट आवळून बघा. बोल्ट आवळताना फळी दबली तर लाकूड कुजलंय. आतून आडव्या पट्ट्या तळाला चिकटवलेल्या असतात त्यांच्या कडा सुटल्या आहेत का तेही पाहा. हे काम मोसम सुरू व्हायच्या आधी, पावसाळ्यात होडी वर काढलेली असतानाच करायचं. ओल पूर्ण सुकल्याशिवाय त्यावर नवीन फायबर चढवू देऊ नका, कारागीर घाई करत असला तरी. गाद्यांवर आणि टॅबवर घालणार होता ते पैसे आधी इथे घाला.

---

केळशीची_लेक

काका, तळ बघून झाला की फोटो टाकते. मागच्या फळीच्या डाव्या बोल्टपाशी गंजाचा ओघळ आहे, तो मी आधी पाहिला होता. तिथूनच सुरुवात करायला सांगते.